अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरला स्वतःच्या कारमध्ये ट्रॅफिकचं तिकीट (चलान) मिळालं, तर नोकरीवर परिणाम होतो का?

हो, होतो. पार्किंगचं तिकीट सोडून वाहतुकीच्या कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरलात, तर 30 दिवसांत कंपनीला लेखी कळवावं लागतं. मग गाडी घरची का असेना.

सगळ्यात जास्त जपा ते दारूपासून. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या कारमध्ये नशेत सापडून दोषी ठरलात, तर पहिल्यांदा सीडीएल (ट्रक चालवायचं व्यावसायिक लायसन्स) किमान वर्षभर बंद, दुसऱ्यांदा आयुष्यभरासाठी.

वेगमर्यादेच्या वर ताशी 15 मैल किंवा जास्त गेलात, की तो गंभीर गुन्हा. ट्रकवर 3 वर्षांत असे दोन गुन्हे झाले, तर 60 दिवस घरी बसावं लागतं. कारमधले मात्र त्यापायी लायसन्स निलंबित किंवा रद्द झालं तरच त्यात धरतात. तरी निर्धास्त राहू नका, कंपनी दरवर्षी तुमचं रेकॉर्ड काढून बघते.

आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं: ड्रायव्हिंगचा क्लास करून तिकीट रेकॉर्डवर येऊ न देण्याची सोय अनेक राज्यांत इतरांना असते, सीडीएलवाल्यांना केंद्राच्या नियमानेच नाही. म्हणून ऑनलाइन दंड भरून मोकळं होण्याआधी वकिलाशी बोला. दंड भरला म्हणजे साधारणपणे गुन्हा कबूल केल्यासारखंच धरतात.