आय-७ स्वस्त, आय-५ महाग : मग कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न मला असा समजला : एका लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय-७ १२५५यू प्रोसेसर आहे, दुसऱ्यात कोअर आय-५ १२५००एच, आणि आय-५ वाला १५ टक्क्यांनी महाग आहे. प्रोग्रामिंग शिकायचंय, सोबत फोटो एडिटिंग, आणि मशीन पाच वर्षं टिकायला हवं. घरचे म्हणतात, स्वस्तात आय-७ मिळतोय तर सोडू नकोस.

मी आय-५ घेईन. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण या नावांमुळे खूप जण फसतात.

आय-५ किंवा आय-७ या आकड्यापेक्षा शेवटचं अक्षर जास्त बोलतं. यू म्हणजे कमी वीज खाणारा प्रोसेसर, मूळ वीजवापर १५ वॅट. एच म्हणजे ४५ वॅट. तुमच्या आय-७ मध्ये दहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, पण त्यातले दमदार फक्त २, उरलेले ८ हलक्या कामांचे. आय-५ मध्ये दमदार ४ आणि हलके ८. कागदावर आय-७ चा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ आणि आय-५ चा ४.५, म्हणून जाहिरातीत आय-७ उजवा दिसतो. पण तो वेग थोडाच वेळ टिकतो. मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायला (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवायला) लावा किंवा शंभर फोटो एकदम एक्सपोर्ट करा, तिथे आय-५ पुढे निघून जाईल.

तरीसुद्धा माझा निर्णय प्रोसेसरवर ठरलेला नाही. तुम्ही दिलेल्या माहितीत पहिल्याची रॅम ८ जीबी आहे, मदरबोर्डला सोल्डर केलेली (म्हणजे कायमची जोडलेली), सिंगल चॅनेल (म्हणजे प्रोसेसर आणि रॅममध्ये एकच वाट), रिकामा स्लॉट नाही. दुसऱ्यात ८ जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे ड्युअल चॅनेल, आणि दोन्ही बदलता येणाऱ्या. खरा फरक इथे आहे. माझ्या एका जुन्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘१६ जीबीपर्यंत रॅम’ असं छापलं होतं. दोन वर्षांनी पट्टी विकत आणून मागचं झाकण उघडलं, तर आत स्लॉटच नव्हता. त्या वाक्याचा अर्थ एवढाच होता, की त्याच मॉडेलचा १६ जीबीचा प्रकारही कंपनी विकते. ब्राउझर, कोड एडिटर आणि एखादं व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) एकत्र चालवलं की ८ जीबी आजच कमी पडते. पाच वर्षांचं तर बोलायलाच नको. शिवाय सिंगल चॅनेलमुळे आय-७ मधलं ग्राफिक्सही बांधलं जातं. त्याचं आयरिस एक्सई (प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स) खरं तर थोडं मोठं आहे, ९६ युनिटं विरुद्ध ८०, पण ड्युअल चॅनेल रॅम नसेल तर ते पूर्ण ताकदीने चालतच नाही.

स्क्रीनही तशीच, नंतर सहजी न बदलणारी गोष्ट. पहिलीवर ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलंय. एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायची दोन मापं; फोटोंसाठी सहसा एसआरजीबी बघतात. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीचे साधारण ६० ते ६५ टक्केच रंग. लाल रंग विटकरी दिसतो, आणि तुम्ही तो सुधारायला गेलात की दुसऱ्याच्या स्क्रीनवर तोच फोटो भडक दिसतो. दुसरीची स्क्रीन १०० टक्के एसआरजीबीची आहे. फोटोंसाठी मी याच एका कारणावरून पहिला बाद केला असता.

आता किमतीचा हिशोब. पहिला १०० धरा, दुसरा ११५. पहिला रॅममुळे तीन वर्षांत बदलावा लागला तर वर्षाला ३३ पडले. दुसरा पाच वर्षं चालला तर वर्षाला २३. तीन वर्षं हा माझा अंदाज आहे, पण तो चार वर्षं धरला तरी पहिला वर्षाला २५ पडतो, म्हणजे महागच. एसएसडी (फायली साठवणारी डिस्क) मात्र या हिशोबात धरू नका. ती दोन्हींत बदलता येते, त्यामुळे ५१२ जीबी की १ टीबी यावर निर्णय अडवू नका.

एक गोष्ट आय-७ च्या बाजूने सांगायलाच हवी. एच प्रोसेसरचा लॅपटॉप जड असतो, चार्जरही मोठा, आणि कामाला लावला की बॅटरी लवकर उतरते. तुम्ही दिवसभर बाहेर फिरून फक्त लिखाण करणार असता तर मी यू सुचवला असता, पण १६ जीबी रॅमचा.

तुम्ही शेवटी विचारलेला एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर घेऊ नका. या मालिकेत तिसरा अंक पिढी, म्हणजे प्रोसेसरची ‘झेन’ नावाची आतली रचना कितवी, ते सांगतो : २ म्हणजे झेन २, जी २०१९ ची रचना आहे, ४ म्हणजे झेन ४. म्हणून ७५२०यू आणि ७५४०यू दिसायला भावंडं असली तरी त्यांच्यात मोठं अंतर आहे.

पैसे देण्याआधी खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, कंपनीच्या पानावर तपासा. एकाच नावाखाली दोन वेगळ्या स्क्रीन सर्रास विकल्या जातात. तो क्रमांक इथे टाकलात तर रॅम आणि स्क्रीन मीही पाहून सांगेन.