बेळगावजवळ ड्रायव्हर प्रशिक्षणासाठी स्किड पॅन काढावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावपासून पंधरा-वीस किलोमीटरवर वडिलोपार्जित तीन एकर जागा आहे, घसरत्या रस्त्यावर गाडी कशी हाताळायची हे शिकवायला स्किड पॅन, म्हणजे मुद्दाम ओला आणि निसरडा ठेवलेला पट्टा, तिथं काढावा असं मनात आहे, तर तो चालेल का आणि सुरुवात कुठून करावी. मी बेळगावात बरीच वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. माझं उत्तर: जरूर काढा, आपल्या भागाला त्याची फार गरज आहे. पण तिथं नेमकं काय शिकवणार ते फरशी टाकण्याआधी ठरवा. चुकीचं शिकवलं तर स्किड पॅनमुळं अपघात वाढतात.

याचा अनुभव नॉर्वेनं घेतलाय. तिथं १९७९ पासून नव्या ड्रायव्हरांना निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. पुढं अपघातांचा हिशेब मांडला तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात वाढलेले निघाले. पोरं गाडी सावरायला थोडंफार शिकली, पण ‘आपल्याला जमतंय’ ही खात्री त्याच्या कितीतरी पुढं गेली, आणि त्या खात्रीवर ती जोरात जायला लागली. नंतर तिकडच्या देशांनी अभ्यासक्रमाचा रोखच फिरवला. सुटलेली गाडी सावरण्याच्या कसबापेक्षा ती सुटू नये म्हणून आधी काय करायचं, यावर भर आला. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

आपल्याकडं गाडी कुठं आणि का घसरते ते बघा. गोव्याला जायचं तर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, नाहीतर खानापूर-लोंढ्यावरून अनमोड. सावंतवाडीला उतरायचं तर आंबोली. निपाणीकडं निघालं तर हायवेवरच वंटमुरी आणि तवंदी. सगळे घाटच. भाजी आणि दूध घेऊन रात्री-पहाटे गोव्याला उतरणाऱ्या गाड्या पावसाळ्यात धुक्यातूनच जातात. त्यात वळवाचा पहिला शिडकावा सगळ्यांत वाईट. उन्हाळाभर साचलेली धूळ, ऑईल आणि टायरचं रबर पाण्यात कालवून रस्त्यावर लेप बसतो. जोराचा पाऊस निदान तो धुऊन तरी नेतो. शिवाय पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येणारा चिखल, आणि ऊस तोडणीच्या हंगामात फडातून निघालेल्या ट्रॉल्यांनी आणलेली माती.

पहिला धडा मी असा ठेवीन. शिकणाऱ्याच्या हातात प्लास्टिकचे दोन कोन द्यायचे. ३० च्या वेगानं या पॅनवर ब्रेक मारला तर गाडी कुठं थांबेल तिथं एक ठेवायला सांगायचं, ४० ला कुठं थांबेल तिथं दुसरा. मग गाडी चालवायची. ओल्या गुळगुळीत पृष्ठभागाचा घर्षणांक, म्हणजे टायरला मिळणारी पकड, ०.२ धरला तर ३० ला सुमारे १८ मीटर लागतात आणि ४० ला जवळजवळ ३२. वेग दहानंच वाढला, पण थांबायचं अंतर एका मोठ्या बसच्या लांबीहून जास्त वाढलं. चांगल्या कोरड्या डांबरावर ४० ला नऊ मीटर पुरतात. हे सगळं ब्रेक लागल्यानंतरचं अंतर. पाय ब्रेकवर पोचायला सेकंद गेला तर ४० च्या वेगात आणखी ११ मीटर गेलेच. आपलेच कोन उडवत गाडी पुढं सरकताना ज्यानं अनुभवलं, त्याला ‘अंतर ठेव’ असं वेगळं सांगावं लागत नाही. यापेक्षा जास्त वेग पॅनवर लागतच नाही. कुणी ६० नं घेऊ द्या म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा.

दुसरा धडा रिकाम्या पिकअपचा, आणि तो आपल्या भागात फार मोलाचा आहे. माल उतरवून परतणारी पिकअप किंवा छोटा हत्ती घ्या. ओढ मागच्या चाकांना, आणि मागं वजन काही नाही. ओल्या वळणावर ड्रायव्हरनं एकदम खालचा गिअर टाकून क्लच सोडला की मागची चाकं क्षणभर अडकतात आणि हौदा बाहेरच्या बाजूला निघतो. भरलेल्या गाडीत हीच सवय खपून जाते, म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते. तो झटका एकदा ३० च्या वेगात, मोकळ्या जागेत बसू द्या. गाडी फिरायला लागली की क्लच दाबून, नजर जायच्या दिशेला ठेवून स्टेअरिंग तिकडं हलकं वळवायचं, हेही शिकवा. पण प्रत्येक वेळी शेवटचा प्रश्न हाच विचारा: गिअर वळणाच्या आधी का टाकला नाही?

एबीएसला, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेला, वेगळा वेळ द्या. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना ते सक्तीचं आहे, तरी पाय जुन्या सवयीनंच पडतो. पेडल पायाखाली थरथरलं की माणूस दचकून पाय उचलतो, किंवा पूर्वीसारखा ब्रेक पंप करतो. पूर्ण दाबून धरायचं आणि त्याच वेळी स्टेअरिंगनं अडथळा चुकवायचा, हे तोंडी सांगून पटत नाही. पॅनवर पाच मिनिटांत पटतं.

आता बांधकाम. तीन एकर म्हणजे साधारण १२,००० चौरस मीटर. कारसाठी ६० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद पट्टा पुरतो, तो नऊ गुंठ्यांत बसतो. बाकीची जागा वेग घ्यायला आणि घसरून बाहेर गेलेल्या गाडीला मोकळी हवी. तिथं बांध, झाड, विजेचा खांब, गटार काही नको. लांबी पुरते, पण बाजूची मोकळीक नसली तर सगळं वाया. पृष्ठभागाला परदेशात बेसाल्टच्या फरशा वापरतात किंवा डांबर-काँक्रीटवर गुळगुळीत लेप देतात. शहाबादी फरशीनं स्वस्तात काम होईल असं वाटेल, पण अडकलेल्या चाकांखाली सांधे उखडतात आणि कडा टायर कापतात. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्समध्ये गाड्यांच्या चाचणीसाठी कमी घर्षणाचे पट्टे केलेले आहेत. परवानगी मिळाली तर इंजिनिअरला घेऊन ते आधी बघून या.

पाण्याचं गणित घाबरण्यासारखं नाही. ९०० चौरस मीटरवर एक मिलिमीटरचा थर म्हणजे ९०० लिटर. पट्ट्याला किंचित उतार द्या, कडेच्या नालीतून पाणी हौदात घ्या, गाळ आणि ऑईल खाली-वर वेगळं होऊ द्या आणि तेच पंपानं परत फिरवा. एप्रिल-मे महिन्यांत, गावं टँकरची वाट बघत असताना, तुम्ही बोअरचं पाणी फरशीवर ओतताय असं दिसलं तर गावाचा राग योग्यच असेल. पावसाचं पाणी शेततळ्यात धरा आणि ते लोकांना दाखवा.

एवढा खर्च पहिल्याच वर्षी करू नका, असं मला मनापासून वाटतं. मागच्या चाकांवर चढवायची कडक प्लास्टिकची कडी मिळतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या कारला ती लावली की डांबरी मोकळ्या मैदानात वीसच्या वेगातही मागचा भाग सरकतो. त्यावर एक हंगाम शिकवा. गिऱ्हाईक कोण येतं ते कळेल: शाळेच्या बसवाले, दूधगाड्या, गोव्याचे टॅक्सीवाले, उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या गाड्या. मे महिना सगळ्यांत चांगला, कारण पुढं लगेच पाऊस.

दुचाकी मात्र पॅनवर अजिबात घेऊ नका. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. म्हणून त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटणं साहजिक आहे. पण घसरली की दुचाकी पडतेच. त्यांना कोरड्या सरळ पट्ट्यावर पुढचा ब्रेक हळूहळू दाबत नेण्याचा सराव द्या, तेवढंही फार कुणी देत नाही.

कागदांचं म्हणाल तर शेतजमीन आधी एनए (बिगरशेती) करून घ्या. १ जुलै २०२१ पासूनच्या केंद्राच्या नियमांत मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्र काढता येतं: हलक्या वाहनांना एक एकर, मध्यम-जड वाहनांना दोन एकर जागा, सिम्युलेटर आणि ट्रॅक. हलक्या वाहनांचा कोर्स २९ तासांचा, आणि तिथं पास झालेल्याला आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. तुमच्या तीन एकरांत हे केंद्र आणि स्किड पॅन दोन्ही बसतील, आणि पॅन एकट्याच्या जिवावर चालवावा लागणार नाही. विम्याची पॉलिसी ओळ न ओळ वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी खाजगी गाडीच्या पॉलिसीत वगळलेली असते, म्हणून शिकणाऱ्याची गाडी घेण्यापेक्षा केंद्राच्या गाड्या ठेवा आणि वापर कशासाठी ते विमा कंपनीला लेखी कळवा. शिकवणारे मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे हवेत. केए २२ बरोबर गोकाक-बैलहोंगलच्या गाड्या येतील, तशाच कोल्हापूरकडच्या एमएच ०९ च्याही. गाडी सुटलेली असताना सूचना माणसाला त्याच्याच भाषेत ऐकू यायला पाहिजे.

जागा खानापूरच्या बाजूला तांबड्या मातीत आहे की हलगा-सांबऱ्याकडं काळ्या रानात, ते कळवा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिथं आधी खोल खणून मुरूम भरावा लागेल आणि खर्चाचा अंदाज पार बदलेल.