मेहुणा म्हणतो कर्ज संपलं, एजंट म्हणतो पोलीस आणतो

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. सांगलीत मारुती चौकाजवळ माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सगळा माल गेला. पाणी ओसरल्यावर दुकान पुन्हा उभं करायला क्रेडिट कार्डावर ५८,००० रुपये खर्च केले. शेवटचे पैसे २० नोव्हेंबर २०१९ ला भरले. ८ डिसेंबरची तारीख चुकली, पुढे लॉकडाऊन आला आणि ते राहूनच गेलं. २०२३ च्या दिवाळीत वसुलीचा माणूस दारात आला. शेजाऱ्यांदेखत तमाशा नको म्हणून यूपीआयने ३,००० रुपये दिले. त्याने एका कागदावर सहीही घेतली, त्यावर काय होतं ते वाचलं नाही. आता जून २०२५ मध्ये २,८६,००० रुपये मागतात आणि ‘पोलीस घेऊन येतो’ म्हणतात. मेहुणा म्हणतो, तीन वर्षं उलटली, कर्ज कायद्याने संपलं. खरं काय? शिवाय मुलासाठी शैक्षणिक कर्ज काढायचं आहे, त्यात मी सहकर्जदार असणार. त्याला अडचण येईल का? (नाव छापू नये.)

उत्तर : दादा, मेहुण्यांचं एक बरं असतं, सल्ल्याची फी घेत नाहीत. तुमच्या मेहुण्यांनी सांगितलेली तीन वर्षं बरोबर आहेत, मोजणी मात्र चुकली आहे.

१९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा येणे रकमेसाठी बँकेने तीन वर्षांत दिवाणी दावा लावावा लागतो. तुमची चुकलेली तारीख ८ डिसेंबर २०१९, म्हणजे साध्या हिशेबाने ८ डिसेंबर २०२२ ला मुदत संपली. पण कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांच्याच मुदती थांबवल्या होत्या. १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. हे ७१६ दिवस होतात. ते धरले की तुमची मुदत २०२२ मध्ये न संपता नोव्हेंबर २०२४ च्या चौथ्या आठवड्यापर्यंत जाते. त्या काळातल्या कुठल्याही थकबाकीचा हिशेब करताना हे दिवस विसरू नका. फोनवर सल्ला विचारणारे निम्मे लोक विसरतात.

आता दिवाळीतला तो कागद. दिवाळी २०२३ म्हणजे नोव्हेंबर २०२३, तेव्हा मुदत अजून चालू होती. मुदत चालू असताना कर्जदाराने ‘मी देणं लागतो’ अशा अर्थाच्या लेखी कबुलीवर सही केली, तर कलम १८ प्रमाणे सहीच्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात. म्हणजे त्या कागदावर तसं काही असेल, तर बँकेला नोव्हेंबर २०२६ पर्यंत दावा लावता येईल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका कागदात अडकलं आहे. नुसत्या ३,००० रुपयांनी मात्र मुदत वाढत नाही. पैसे भरल्याने मुदत वाढायची असेल, तर त्या भरण्याची नोंद भरणाऱ्याच्या अक्षरात किंवा त्याच्या सहीची लागते, असं कलम १९ म्हणतं. तो कागद म्हणजे निव्वळ पैसे मिळाल्याची पावती होती आणि सही एजंटची होती, तर तुमची बाजू भक्कम. पण सही तुमची आहे, म्हणून आधी तो मिळवायचा.

बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलनेही पत्र पाठवा. त्यात कार्ड घेतल्यापासूनचा पूर्ण खातेउतारा, माझ्या सहीचा कोणताही कागद असेल तर त्याची प्रत, आणि हे येणं अजून बँकेकडेच आहे की मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकलं गेलं याचा खुलासा मागा. विकलं असलं तरी मुदत नव्याने सुरू होत नाही. वकिलाची नोटीस आली, बँक दरमहा व्याज चढवत राहिली, तरीही नाही. पत्रात ‘परिस्थिती सुधारली की भरतो’ असं लिहायचा मोह तुम्हाला नक्की होईल, कारण तुम्ही सरळ माणूस आहात. लिहू नका. त्याऐवजी लिहा : ‘आपण मागत असलेल्या रकमेबाबत माहितीसाठी हे पत्र आहे, ही देण्याची कबुली नव्हे.’ व्हॉट्सॲपवरही तोच संयम ठेवा.

आणखी एक. मुदत उलटून गेल्यावर सहीने मुदत जिवंत होत नाही, पण ‘जुनं देणं मी फेडीन’ असं लिहून सही केलीत, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवाच करार ठरतो. कोरा धनादेशही याच कारणाने देऊ नये.

मुदतबाह्य म्हणजे कर्ज नाहीसं झालं, असा अर्थ नाही. न्यायालयातून वसूल करण्याचा मार्ग बंद होतो, देणं कागदोपत्री राहतं. म्हणून त्याच बँकेत तुमचं बचत खातं किंवा ठेव असेल, तर बँक तिथून रक्कम वळती करायचा प्रयत्न करू शकते. दुकानाचा गल्ला दुसऱ्या बँकेत ठेवणं शहाणपणाचं. ‘व्याज फार लावलंय’ एवढ्यावर मात्र विसंबू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली आहे.

आधीच कुठे हुकूमनामा, म्हणजे पैसे वसूल करण्याचा न्यायालयाचा निकाल, झाला आहे का, हेही बघायला हवं. हा भाग लोक टाळतात आणि तिथेच फसतात. बँक अनेकदा पुण्या-मुंबईत दावा लावते, समन्स जुन्या पत्त्यावर जातं, आणि तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी निकाल लागतो. हुकूमनाम्याच्या दरखास्तीला, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जाला, बारा वर्षांची मुदत असते, तिथे तीन वर्षांचा हिशेब चालत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने सांगली, पुणे, मुंबई असं शोधा. लवादाचा (न्यायालयाबाहेर वाद सोडवायला नेमलेल्या व्यक्तीचा) निवाडा तिथे दिसेलच असं नाही, म्हणून पत्रात तोही प्रश्न विचारा. आणि समन्स कधीही आलं तर ‘मुदत तर गेलीय’ म्हणून घरी बसू नका. मुदतबाह्य दावा कोणी हरकत घेतली नाही तरी न्यायालयाने फेटाळावा, असं मुदत कायद्याचं कलम ३ सांगतं खरं, पण सांगलीत विजयनगरच्या न्यायालयात जाऊन कैफियत (आपलं लेखी म्हणणं) देणारा आणि न देणारा यांच्यात फरक पडतोच. समरी दावा (झटपट निकालाचा दावा) असेल तर हजर व्हायला दहाच दिवस असतात.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, तिथे न गेल्याने गुन्हा होत नाही. पण गेलात आणि तडजोडीवर सही केलीत, तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो आणि त्यावर अपील नाही. मुदतबाह्य कर्ज तिथे पाच मिनिटांत पुन्हा वसूल होण्याजोगं होतं. तडजोडीच्या विरोधात मी नाही, फक्त हिशेब न बघता सही करण्याच्या विरोधात आहे.

पोलिसांचं म्हणाल तर कार्डाचे पैसे थकणं हा दिवाणी मामला आहे. परिस्थितीमुळे राहिलेल्या हप्त्यासाठी कोणी अटक करत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावणं आणि चारचौघांत अपमान करणंही नाही. फोनची नोंद ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्याला फी नाही.

आता मुलाचं. मुदत संपली म्हणून सिबिलची नोंद पुसली जात नाही, पतमाहिती कंपन्या ती किमान सात वर्षं ठेवतात. वर्षाला एक अहवाल मोफत मिळतो, तो आजच काढून बघा. तुम्ही सहकर्जदार झालात, तर बँक ही थकबाकी हमखास विचारेल. एकरकमी तडजोडीचा विचार याच कारणासाठी करा, एजंटाला घाबरून नव्हे. पण आधी बँकेचं लेखी पत्र, मग पैसे, तेही बँकेच्या कर्जखात्यातच, आणि नंतर थकबाकी नसल्याचा दाखला. तडजोडीने मिटवलेल्या खात्यासमोर तसा शेरा राहतो, पूर्ण भरून बंद केलेल्या खात्याइतका तो चांगला दिसत नाही. घाई असेल तर तुमच्याऐवजी वहिनींना सहकर्जदार करता येतं का, ते बँकेत विचारा. त्यांच्या नावावर उत्पन्न दाखवता येत असेल, तर प्रवेशाच्या तारखेआधी हा मार्ग लवकर जमेल.