नागपूरहून पुरीला जातोय, त्सुनामीचा इशारा आला तर आम्हाला कळणार कसा?

भाऊ, तिकिटं रद्द करू नका. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ भूकंप झाला, तमिळनाडूपर्यंत लाट पोचायला दोनेक तास लागले, पण सांगणारं कुणी नव्हतं. २००७ पासून हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्राची माहिती देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत इशारा केंद्र आहे. मोठा भूकंप झाला की दहाएक मिनिटांत पहिला संदेश निघतो. मग समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावर भरती-ओहोटी मोजणारी यंत्रं बघून इशारा कायम ठेवतात किंवा मागे घेतात.

अंदमानला मात्र तेवढा वेळही मिळेलच असं नाही. जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, पाणी एकदम मागे सरलं, की उंचावर पळायचं. आपण अंबाझरी तलावाच्या काठावर वाढलेली माणसं; उघडी पडलेली वाळू, तडफडणारे मासे दिसले की मोबाईल काढणार, तिथेच घात! पहिली लाट ओसरली म्हणून सामान आणायला परत जाऊ नका, पुढची जास्त मोठी असू शकते.

ओडिशातल्याच वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाने 'त्सुनामी रेडी', म्हणजे त्सुनामीसाठी सज्ज, ठरवलं. तुम्ही हॉटेलात शिरताच गच्चीचा जिना उघडा असतो की कुलूपबंद, तेवढं विचारून ठेवा.