हार्डली म्हणजे मेहनतीने नव्हे
एसएससीची, म्हणजे कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेची, तयारी नुकतीच सुरू केली आहेस म्हणून सांगतो, समानार्थी शब्दांच्या प्रश्नांसाठी इंग्रजी क्रियाविशेषणांच्या याद्या घोकत बसू नकोस. मी तेच केलं आणि 'हार्डली'ला 'मेहनतीने' ठरवून मोकळा झालो! हार्डली म्हणजे जेमतेम. त्याचे सख्खे भाऊ, म्हणजे समानार्थी शब्द, स्केअर्सली आणि बेअर्ली. लेटलीचंही तसंच: उशिरा नव्हे, अलीकडे, म्हणजे रीसेंटली. वहीत नुसता शब्दासमोर शब्द नको, वाक्य लिही. 'ही कॅन हार्डली वॉक', त्याला जेमतेम चालता येतं. आता हार्डली खोडून बेअर्ली घाल. अर्थ हलला नाही ना? मग जोडी पक्की. रोज पाच शब्द पुरे. 'प्रेझेंटली' मात्र जपून: ब्रिटिश वळणात 'थोड्याच वेळात', अमेरिकन वळणात बहुधा 'सध्या'. तिथे प्रश्नातलं वाक्य आणि दिलेले पर्याय बघूनच ठरव.