दुधाच्या लिटरपेक्षा वेतातील अंतर पाहावे

नवीन गोठा सुरू करणारे बहुतेक जण गाय दिवसाला किती दूध देते एवढेच विचारतात. माझा आग्रह आहे की आपण आधी दोन वेतांमधील, म्हणजे गाय एकदा व्याल्यापासून पुन्हा विण्यापर्यंतचे, अंतर विचारावे. गाय सुमारे ३०५ दिवस दुधात आणि ६० दिवस आटलेली राहिली, तर वर्षाला एक वेत मिळते. मात्र एक माज, म्हणजे गाय फळण्यास तयार असण्याची वेळ, हुकला की पुढची संधी साधारण २१ दिवसांनी येते आणि तितका भाकड काळ वाढतो, ज्यात दूध नसले तरी चारा, मजुरी आणि कर्जाचा हप्ता चालूच राहतो. माझ्या पहिल्या वर्षी मी पहाटेची फेरी टाळत असे, त्यामुळे माजावरच्या गाईचा काचेसारखा पारदर्शक सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) मला शेपटीवर वाळून पापुद्रा झाल्यावरच दिसे आणि तोवर रेतनाची, म्हणजे गाय फळवण्याची, वेळ टळलेली असे. म्हणून प्रत्येक जनावराच्या माजाची, रेतनाची व गाभण तपासणीची तारीख वहीत लिहिणे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो.

खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो, तेव्हा खुराक अंदाजाने न घालता दुधानुसार तोलून द्यावा आणि चारा मुबलक असताना मुरघास (हवाबंद मुरवून टिकवलेला हिरवा चारा) करून ठेवावा. घरच्यांच्या श्रमांची मजुरीही हिशेबात धरावी. ती वगळून दिसणारा नफा खरा नसतो. कालवडी उत्तम जोपासल्या, तर दोन-अडीच वर्षांनी जनावरे विकत घेण्याचा खर्च बराच वाचतो.