डीयूआयनंतर डीएमव्हीने एसआर-२२ मागितलं आहे, गाडी पत्नीच्या नावावर आहे. विम्याचं काय करायचं?

तुमच्या प्रश्नात तीन गुंते आहेत. कॅलिफोर्नियात डीयूआयमध्ये, म्हणजे नशेत गाडी चालवल्याच्या गुन्ह्यात, दोषी ठरल्यावर डीएमव्हीने, म्हणजे लायसन्स आणि वाहननोंदणी पाहणाऱ्या राज्याच्या खात्याने, एसआर-२२ मागितलं आहे, घरातली एकमेव गाडी पत्नीच्या नावावर आहे, आणि वर्षभरात नोकरीसाठी टेक्सासला जायचं आहे. तिन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली असल्यामुळे सगळं एकदमच सांगतो.

एसआर-२२ हा वेगळा विमा नव्हे, त्यामुळे 'एसआर-२२ विमा विकत घ्या' अशा जाहिरातींकडे लक्ष देऊ नका. ते विमा कंपनीने डीएमव्हीला पाठवलेलं हमीपत्र असतं. त्याचा अर्थ इतकाच की या चालकाकडे राज्याने ठरवलेला किमान लायबिलिटी विमा (तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) आहे, आणि तो बंद पडला तर कंपनी डीएमव्हीला कळवेल. यातला दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. पॉलिसी रद्द झाली की कंपनी एसआर-२६ नावाचा फॉर्म पाठवते आणि लायसन्स पुन्हा सस्पेंड होतं. कॅलिफोर्नियात ही अट साधारण ३ वर्षं चालते. म्हणून हप्ता किती कमी पडतो यापेक्षा ३ वर्षांत एका दिवसाचाही खंड पडणार नाही याची व्यवस्था आधी करा.

कव्हर किती हवं? १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियाची किमान मर्यादा ३०/६०/१५ आहे. म्हणजे एका जखमी व्यक्तीसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६० हजार, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५ हजार. आधी ती १५/३०/५ होती. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत अजून तेच आकडे दिसतील, ते सोडून द्या. एसआर-२२ किमान मर्यादेवर मिळतं, पण मी तुम्हाला तेवढ्यावर थांबू नका असंच सांगेन. अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या एका मुक्कामात ३० हजार सहज संपतात, आणि वरची रक्कम तुमच्या पगारातून आणि बचतीतून वसूल होऊ शकते. परवडत असेल तर १००/३०० घ्या. गाडीवर कर्ज असेल तर कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्हची, म्हणजे अपघात, चोरी वगैरेंत तुमच्याच गाडीचं नुकसान भरून देणाऱ्या कव्हरची, अट बँकेची असते, एसआर-२२ ची नाही, पण तीही पाळावी लागेल.

फाइलिंगची फी किरकोळ असते, बहुतेक कंपन्या २५ डॉलरच्या आसपास घेतात. खरा फटका डीयूआयच्या नोंदीचा बसतो. कॅलिफोर्नियात प्रपोझिशन १०३ या विमा कायद्यानुसार चांगल्या चालकांना किमान २० टक्के सूट मिळते. डीयूआय झालं की ती सूट १० वर्षं जाते. एसआर-२२ ची अट संपली तरी हप्ता एकदम जुन्या जागी येत नाही, त्याचं कारण हे.

आता गाडीचा प्रश्न. तुम्ही पत्नीची गाडी चालवणार आहात की नाही, हे दोघांनी बसून आधी ठरवा. चालवणार असाल तर सरळ मार्ग असा की त्यांच्याच पॉलिसीवर तुमचं नाव चालक म्हणून घालायचं आणि त्याच पॉलिसीवर एसआर-२२ फाइल करायचं. हप्ता वाढेल, पण संरक्षण खरं असेल.

चालवणार नसाल तर हप्ता वाचवण्यासाठी एजंट एक तोडगा सुचवेल: पत्नीच्या पॉलिसीतून तुम्हाला 'एक्सक्लुडेड ड्रायव्हर' म्हणून वगळायचं. कॅलिफोर्नियात हे कायदेशीर आहे. पण मग तुम्ही ती गाडी एकदाही चालवायची नाही, मुलाला ताप आला म्हणून रात्री दवाखान्यात न्यायचं असलं तरी नाही. त्या एका फेरीत अपघात झाला तर कंपनी काही देणार नाही, आणि गाडीच्या मालक म्हणून पत्नीही दाव्यात ओढल्या जातील. ज्या घरात एकच गाडी आहे तिथे हा करार पाळला जाणं कठीण असतं, म्हणून मी तो सुचवत नाही.

स्वतःची गाडी नसलेल्यांसाठी 'नॉन-ओनर' पॉलिसी असते. ती स्वस्त असते आणि तिच्यावर एसआर-२२ मिळतं, त्यामुळे सगळेजण तिच्यामागे लागतात. ती कशासाठी आहे हे नीट समजून घ्या. कधीमधी दुसऱ्याची गाडी चालवली तर त्या गाडीच्या विम्याच्या वरचं लायबिलिटी कव्हर ती देते. तुमच्या घरातल्या, रोज हाताशी असलेल्या गाडीला ती लागू होत नाही. पत्नीची गाडी त्याच पत्त्यावर असताना नॉन-ओनर घेतलं तर डीएमव्हीचा कागद पूर्ण होतो, पण अपघाताच्या दिवशी हात रिकामे राहतात. शिवाय कोर्टाने किंवा डीएमव्हीने इग्निशन इंटरलॉक, म्हणजे फुंकर मारल्याशिवाय गाडी चालू न करणारं यंत्र, बसवायला सांगितलं असेल तर ते कुठल्या तरी गाडीत बसवावंच लागतं. ज्या गाडीत यंत्र आहे ती तुम्ही चालवता हे त्यातून उघडच आहे, तेव्हा त्या गाडीच्या पॉलिसीवर तुमचं नाव हवंच.

कंपनी निवडताना सध्याच्या कंपनीला फोन करण्याआधी एका स्वतंत्र ब्रोकरकडून दोन-तीन कोट (हप्त्याचे अंदाज) घेऊन ठेवा. सगळ्याच कंपन्या एसआर-२२ फाइल करत नाहीत. लायसन्स सस्पेंड झालं या कारणाने कंपनीला मध्येच पॉलिसी रद्द करता येते, आणि नूतनीकरण नाकारणं तर नेहमीचंच. हातात पर्याय असला की घाबरगुंडी उडत नाही. कोट घेताना डीयूआय मात्र लपवू नका. कंपन्या तुमचं मोटर व्हेइकल रेकॉर्ड मागवतातच, आणि खोटी माहिती सापडली तर पॉलिसी मुळापासून रद्दबातल ठरू शकते. मग एसआर-२२ ही गेलं आणि दावाही. सगळीकडून नकार आला तर कॅलिफोर्निया ऑटोमोबाइल असाइन्ड रिस्क प्लॅन आहे. त्यात तुम्हाला एका कंपनीकडे नेमून दिलं जातं.

आपल्या नावांचा एक घोळ इथे वारंवार होतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, लायसन्सवर ते गाळलेलं, आणि विम्याच्या अर्जात आडनाव भलत्याच रकान्यात. एसआर-२२ मधलं नाव, जन्मतारीख आणि लायसन्स नंबर डीएमव्हीच्या नोंदीशी जुळले नाहीत तर ते तुमच्या खात्यावर चढत नाही. अर्ज भरताना लायसन्सवरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहा. आणि कंपनी 'पाठवलं' म्हणाली की लगेच गाडी काढू नका, डीएमव्हीकडे नोंद झाल्याची खात्री करा. रिस्ट्रिक्टेड लायसन्ससाठी, म्हणजे सस्पेन्शनच्या काळात अटींवर गाडी चालवू देणाऱ्या लायसन्ससाठी, डीयूआय प्रोग्राममध्ये (दोषींसाठीच्या सक्तीच्या वर्गांत) नाव घातल्याचा पुरावा आणि फी हीदेखील लागते. या तिन्हींपैकी एक अडकलं असताना गाडी चालवली तर सस्पेंड लायसन्सवर चालवण्याचा वेगळा गुन्हा दाखल होतो, आणि तोही महागात पडतो.

खंड पडतो तो बहुतेक वेळा निष्काळजीपणाने नव्हे, तर साध्या सवयींमुळे. क्रेडिट कार्डाची मुदत संपते आणि ऑटोपे फसतो. घर बदलतं आणि रद्द करण्याची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. आणि आपल्याकडची खास सवय म्हणजे दोन महिने भारतात जाताना 'गाडी उभीच राहणार आहे' म्हणून विमा थांबवणं. एसआर-२२ असताना हे कदापि करू नका, हमी चालकाची आहे, गाडी उभी आहे की चालू याचा तिच्याशी संबंध नाही. जमत असेल तर ६ महिन्यांचा हप्ता एकरकमी भरा. कंपनी बदलायची झाली तर नवीन कंपनीचं एसआर-२२ डीएमव्हीत नोंदलं गेल्यावरच जुनी पॉलिसी बंद करा. चार-पाच दिवस दोन्हींचे पैसे गेले तरी चालतील.

टेक्सासला गेल्यावर कॅलिफोर्नियाची अट संपत नाही. कॅलिफोर्नियात सस्पेन्शन उभं राहिलं तर ते राष्ट्रीय नोंदवहीत दिसतं आणि टेक्सास लायसन्स देत नाही. टेक्सासमध्ये राहायला गेल्यावर गाडीची नोंदणी ३० दिवसांत आणि लायसन्स ९० दिवसांत करायचं असतं, म्हणून हे काम निघण्याआधी हाती घ्या. तुम्हाला अशी कंपनी हवी जी टेक्सासमध्ये पॉलिसी देईल आणि कॅलिफोर्नियाला एसआर-२२ पाठवेल. एजंटला 'आउट ऑफ स्टेट फाइलिंग' असं स्पष्ट विचारा. पुष्कळ एजंट सवयीने टेक्साससाठी फाइल करून मोकळे होतात, आणि कॅलिफोर्नियाच्या दृष्टीने तुम्ही विनाविमा ठरता. टेक्सासची किमान मर्यादा ३०/६०/२५ आहे, त्यामुळे मालमत्तेचं कव्हर १५ वर ठेवून चालणार नाही. टेक्सासमध्ये एसआर-२२ ची मुदत शिक्षेच्या तारखेपासून २ वर्षं असते हे तुमच्या कानावर येईल. तो नियम तिथे झालेल्या शिक्षेचा आहे, तुम्हाला कॅलिफोर्नियाचीच मुदत लागू राहील.

इतर राज्यांतून हे वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: फ्लोरिडा आणि व्हर्जिनियात डीयूआयनंतर एसआर-२२ ऐवजी एफआर-४४ लागतं आणि त्याची मर्यादा बरीच वर असते, फ्लोरिडात १००/३००/५०. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात एसआर-२२ मागत नाहीत.

विम्याशी थेट संबंध नाही, तरी सांगतो. तुम्ही वर्क व्हिसावर असाल तर डीयूआयच्या अटकेवरूनच पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होऊ शकतो. देशाबाहेर पडण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा.

३ वर्षं झाली असं वाटल्यावर स्वतःच दिवस मोजून कंपनीला फोन करू नका. मुदत कुठल्या तारखेपासून धरली आहे हे आधी डीएमव्हीकडून विचारून घ्या आणि जमल्यास लेखी मिळवा. विमा कंपनी ही तारीख सांभाळत नाही, तुम्ही म्हणाल त्या दिवशी ती एसआर-२२ काढून टाकेल. एक आठवडा आधी काढलं तर लायसन्स पुन्हा सस्पेंड होतं, म्हणून डीएमव्हीने होकार दिल्यावरच कंपनीला कळवा आणि त्यानंतरच्या नूतनीकरणाला नवीन कोट मागवा.